जुन्या गाडीचे हेडलाइट : उजेड आपला, रस्ता सगळ्यांचा

दिवाळी उलटली की बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊसतोड जोर धरते आणि इथला रात्रीचा रस्ता बदलून जातो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूर तालुक्यातले कर्मयोगी आणि नीरा-भीमा या कारखान्यांकडे दिवसरात्र ऊस चाललेला असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या टायर बैलगाड्या, वजनकाट्यावर लवकर नंबर लागावा म्हणून मध्यरात्रीच निघालेले ट्रक. ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आलेला असतो. मागे लाल दिवा असला तरी तो उसाखाली झाकला जातो आणि रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर बसलेला असतो. बारामतीहून काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी असे करत इंदापूर गाठायचे म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर. हंगामात हा रस्ता रात्री ज्यांनी केला आहे, त्यांना अंधारातून अचानक समोर उभी राहणारी उसाची भिंत काय असते हे वेगळे सांगायला नको.

संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. हा मार्ग आपल्याच भागातून जातो. रस्ता रुंद होतो तसा मोटारींचा वेगही वाढतो. पण ट्रॉली तीच आहे, बैलगाडी तीच आहे आणि त्यांची चाल ठरलेली आहे.

आता कुणी म्हणेल, मग रात्री निघूच नये. सल्ला चांगला आहे, पण आपल्या घरांत रात्रीचा प्रवास हौसेचा नसतो. रात्री अकराला मय्यतीची खबर येते आणि फजरनंतर दफन असते. सुनेला अचानक कळा सुरू होतात आणि बारामतीचे हॉस्पिटल गाठायचे असते. निकाह दुपारी उरकतो, पण निरोप घेता घेता इशा होऊन जाते. अशाच एखाद्या प्रवासानंतर घरातला तरुण मुलगा विषय काढतो, "अब्बा, आपल्या गाडीला काहीच दिसत नाही. प्रोजेक्टर बसवून घेऊ."

मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचे हेडलाइट खरोखरच मंदावलेले असतात. पण खर्च करण्यापूर्वी त्या उजेडाचा हिशेब सगळ्या घराने एकदा मांडून पाहावा, यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

जुना दिवा मंद का होतो?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मोटारींत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्यावर ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. एकाच काचेत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून रस्त्याकडे वळतो. एवढीशी वाटी समोरच्या माणसाचे डोळे सांभाळत असते.

नव्या गाडीत हा बल्ब डिपरला साधारण १००० ल्युमेन उजेड देतो. पुढे वर्षे जातात तशी गळती सुरू होते. पहिली गळती काचेत होते. आजकाल हेडलाइटची 'काच' म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक असते आणि ते उन्हाने पिवळे पडते. दुसरी रिफ्लेक्टरमध्ये. त्याचा चंदेरी मुलामा धूळ, दमट हवा आणि उष्णतेने काळवंडतो. हा मुलामा फडक्याने पुसायला जाऊ नये, होता तोही निघून येतो.

तिसरी गळती डोळ्यांना दिसत नाही. ती वायरमध्ये असते. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून दिव्यापर्यंत जातो. वायर बारीक, बटणाचे पॉइंट झिजलेले, अर्थिंग गंजलेले; बॅटरीकडून निघालेला व्होल्टेज वाटेतच कमी होतो. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के घसरला, तर उजेड १० नव्हे, जवळपास ३० टक्के घसरतो. समजा इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि दिव्याच्या सॉकेटवर १२.४ च पोहोचत आहेत, तर सुमारे तीस टक्के उजेड आपण वायरीलाच देऊन बसलो आहोत. त्यात काच पिवळी आणि रिफ्लेक्टर काळा असेल, तर रस्त्यावर काय उरणार?

म्हणून पहिला खर्च प्रोजेक्टरचा नसावा. काच पॉलिश पेपरने घासून चकचकीत करता येते. त्यावर ऊन अडवणारा लेप मात्र द्यायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी होते. रिले आणि जाड वायरचा तयार हार्नेस मिळतो. तो लावला की बटणातून फक्त इशाऱ्यापुरता प्रवाह जातो आणि दिव्याला बॅटरीकडून थेट, फ्यूजमधून, पूर्ण व्होल्टेज मिळतो. चांगल्या कंपनीचे नवे बल्ब जोडीनेच बदलावेत. रिफ्लेक्टर फारच काळा असेल तर मूळ बनावटीचा अख्खा हेडलाइट नवा घ्यावा. एवढे केल्यावर अनेक घरांचा प्रश्न इथेच मिटतो आणि प्रोजेक्टरच्या खर्चाचा मोठा भाग वाचतो.

प्रोजेक्टर म्हणजे नेमके काय?

प्रोजेक्टरमध्ये बल्बच्या मागे अंडाकृती वाटी असते. ती सगळा उजेड एका जागी गोळा करते. त्या जागी धातूची पातळ पट्टी उभी असते आणि तिच्यापुढे फुगीर भिंग. भिंग प्रतिमा उलटी करते, त्यामुळे पट्टीने खाली अडवलेला प्रकाश रस्त्यावर वरच्या बाजूचा अंधार होतो. भिंतीवर पाहिले तर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. रेघेखाली लख्ख उजेड, वर काळोख. अप्पर लावला की एक छोटे विद्युतचुंबक ती पट्टी खाली ओढते आणि वरचा उजेडही मोकळा होतो. अशा दिव्याला बाय-प्रोजेक्टर म्हणतात.

म्हणजे प्रोजेक्टरची खरी किमया भगभगीतपणात नाही, ती उजेडाला शिस्त लावण्यात आहे. आणि नेमकी हीच गोष्ट स्वस्तातल्या कामात हरवते. बाजारात सर्रास चालते ते असे: हेडलाइट मूळचाच ठेवायचा, हॅलोजन बल्ब काढायचा आणि त्या जागी पांढराशुभ्र एलईडी किंवा एचआयडी बल्ब खोचायचा. एचआयडीच्या ३५ वॅटच्या दिव्याचा उजेड सुमारे ३२०० ल्युमेन असतो, हॅलोजनच्या तिप्पट. पण तो रिफ्लेक्टर घडवलेला असतो हॅलोजनच्या तारेसाठी. प्रकाशाचा उगम दोन-तीन मिलिमीटर जरी हलला तरी उजेड भलतीकडेच फेकला जातो. गाडीच्या आत बसलेल्याला वाटते काय झकास पडले आहे, आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसेनासे होते. शिवाय बोनेटच्या लगतची जमीन फार उजळली की आपल्याच डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरचे आधीपेक्षा कमी दिसते.

१००/९० वॅटचे मोठे हॅलोजन बल्ब हा दुसरा मोह. जुनी वायर, होल्डर आणि रिफ्लेक्टर एवढी उष्णता सोसायला बनवलेले नसतात. होल्डर वितळणे आणि वायर जळणे हे त्याचे ठरलेले शेवट आहेत.

उजेड वाढतो, पोच वाढत नाही

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डिपरचा झोत किंचित खाली झुकलेला असावा लागतो, साधारण शंभरात एक. दहा मीटर पुढे गेल्यावर तो दहा सेंटिमीटर खाली आलेला असतो. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर झोताची वरची कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. त्यापुढे डिपरचा उपयोगी उजेड जवळपास संपला. बल्ब हॅलोजन असो, एलईडी असो वा परदेशी बनावटीचा महागडा प्रोजेक्टर, ही ६५ मीटरची हद्द झोताच्या कोनाने ठरते, किमतीने नाही. चांगला दिवा त्या हद्दीच्या आतले स्पष्ट दाखवतो; हद्द पुढे ढकलत नाही. ढकलायची म्हटली तर झोत वर करावा लागेल आणि वर समोरच्या माणसाचे डोळे आहेत.

याच्यासमोर थांबण्याचा हिशेब ठेवून पाहा. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरले तर २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी २३-२४ मीटर. एकूण पन्नासच्या आत. वेग ८० केला तर हाच आकडा ७५ मीटरच्या आसपास जातो. हद्द ६५ मीटरची आणि थांबायला ७५ हवेत! रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली त्या दहा मीटरच्या फरकात उभी असते. म्हणून प्रोजेक्टर बसवल्यानंतरही, डिपरवर चालताना हंगामातल्या या रस्त्याला साठीचा वेग पुरे. उजेड वाढला म्हणून ज्याने वेग वाढवला, त्याने पैसे देऊन धोका विकत घेतला असे समजावे.

बसवायचाच असेल तर

घरात रोजचा रात्रीचा प्रवास असेल, मूळ हेडलाइट बदलायला आलाच असेल, तर प्रोजेक्टर जरूर घ्यावा. मात्र काही गोष्टी तपासून.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने प्रोजेक्टर दिला असेल, तर तोच पूर्ण हेडलाइट आपल्या गाडीला बसतो का ते विचारणे. तो त्या गाडीसाठी तपासून मान्य झालेला असतो. पुण्यातली एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था वाहने आणि त्यांचे सुटे भाग तपासून प्रमाणित करते. तिच्या कसोटीतून गेलेला हेडलाइट आणि गल्लीत उघडून चिकटवलेला हेडलाइट यांत फरक राहणारच.

दुसरी गोष्ट बाजूची. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्याकडच्या डिपरची रेघ डावीकडे थोडी वर चढलेली असते, कडेचा माणूस आणि मैलाचा दगड दिसावा म्हणून. उजवीकडे, जिथून समोरची गाडी येते, तिथे ती खाली असते. बाहेरून येणारे अनेक सुटे प्रोजेक्टर उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेले असतात. त्यांची रेघ उजवीकडे चढते. असा दिवा कितीही महाग असला तरी आपल्याकडे तो येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडावर उजेड मारत राहणार. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला भिंतीवर पेटवून दाखवायला सांगावे. चढ डाव्या हाताला हवा.

तिसरी गोष्ट कारागिरीची. सुटा प्रोजेक्टर बसवायला जुना हेडलाइट गरम करून उघडावा लागतो. भिंग आत तिरपे बसले तर रेघही तिरपी पडते. पुन्हा बंद करताना सील नीट झाले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात आत दव धरते आणि रिफ्लेक्टर जातो. एचआयडीला पेटताना वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, त्यामुळे त्याच्या वायरिंगला घरच्या घरी हात लावू नये. एलईडीच्या मागे पंखा किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना हवा मिळाली नाही तर तो लवकर मरतो. रंग निळसर न घेता ४३०० केल्व्हिनच्या आसपासचा, किंचित पिवळट पांढरा घ्यावा. निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो. भिगवणकडे जाताना उजनीच्या फुगवट्यालगत थंडीत पहाटे धुके असते. तिथे कोणताही अतितीव्र झोत धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

कायदा काय म्हणतो?

जुन्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा पट्टी रंगवलेली असे. उद्देश एकच होता, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. आजही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याच गोष्टीबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, अशा माणसाला दिपवणार नाही एवढा झोत खाली असला पाहिजे किंवा चालकाला तो खाली करता आला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १८२-अ या कलमानुसार मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावीच लागते. त्या दिवशी वाद घालण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे.

समोर कोण आहे?

दंडाची भीती बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो. आपल्या झोतात समोरून येणारा कोण असतो? टायर बैलगाडीवर उसाच्या ढिगावर बसलेला तोडकरी, ज्याच्याकडे काच नाही, वायपर नाही, आडोसा नाही. त्याचे बैल, जे उजेडाने बुजतात. एमआयडीसीतल्या पाळीवरून मोटारसायकलने घरी निघालेला कामगार. बारामतीच्या क्लासहून स्कूटीवर येणारी आपलीच मुलगी. आणि साठी ओलांडलेले चाचा, ज्यांना आजही गाडी चालवावी लागते. नेत्रतज्ज्ञ सांगतात की साठीच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो, आणि दिपलेले डोळे पुन्हा जागेवर यायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरचा दिवा आत फुटून पसरतो. ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंद दिपून राहणे म्हणजे पन्नास मीटर डोळे मिटून गाडी हाकणे. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री कमी दिसते अशी तक्रार असेल, तर गाडीच्या दिव्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. अनेकदा दोष दिव्यात नसतोच.

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा चरितार्थ गॅरेज, वायरिंग, वेल्डिंग आणि बॉडीच्या कामावर चालतो. त्या भावांनाही आमचे सांगणे आहे. गिऱ्हाईक म्हणेल, 'सगळ्यात भडक टाका.' तेव्हा त्याला गाडीबाहेर, झोतासमोर पंचवीस-तीस पावलांवर क्षणभर उभे करावे. बहुतेक जण स्वतःच आग्रह सोडतील. काम संपल्यावर भिंतीवर झोत लावून दिल्याशिवाय किल्ली देऊ नये. हे कामाचे इमान आहे. आणि ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा टेम्पो आहे, त्यांनी मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी ऊस भरल्यावरही दिसेल अशी बांधावी. रिफ्लेक्टर फडक्याने पुसायला एक मिनिट लागते. समोरच्याचा मंद हेडलाइटसुद्धा त्या पट्टीला दुरून उजळवतो.

भिंतीसमोरची दहा मिनिटे

शेवटी, एक पैसाही न लागणारी तपासणी. येत्या एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करा. चारही टायरांत हवा बरोबर असावी, चालकाच्या जागेवर कुणीतरी बसलेले असावे. दोन्ही हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने खुणा करा. डिपर लावा. झोताची वरची कड त्या खुणांच्या पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी. आम्ही घरची गाडी अशी उभी केली, तेव्हा डावा दिवा बरोबर होता आणि उजवा खुणेच्या वर निघाला. कधीतरी बंपरच्या कामात तो निघून परत बसला होता. मागच्या स्क्रूला दोन पिळे दिल्यावर रेघ जागेवर आली.

मग मागच्या सीटवर तिघांना बसवा, डिकीत लग्नाला नेतो तेवढे सामान ठेवा आणि पुन्हा पाहा. मागची बाजू पाच सेंटिमीटर दबली तर लहान गाडीचा झोत शंभरात दोनने वर उठतो. खाली झुकलेला झोत आता वर पाहू लागतो आणि ५० मीटरवर त्याची कड सुमारे ११५ सेंटिमीटर उंच जाते. तिथे समोरच्या मोटारीच्या चालकाचे डोळे असतात. ज्या गाड्यांत डॅशबोर्डजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, ती नेमकी यासाठीच दिलेली असते. गाडी भरली की ती फिरवावी आणि रिकामी झाली की शून्यावर आणावी.

ही तपासणी करताना घरातल्या मुलामुलींना सोबत घ्या, खडू त्यांच्याच हातात द्या. उद्या गाडी तीच चालवणार आहेत.